वहीत नसलेली नावं

१२ डिसेंबर

परवा रात्री पुतण्याच्या लग्नाचा गोंधळ झाला, दोन दिवस झाले तरी कानात संबळ वाजतंय. वर्ष संपायला अजून वेळ आहे पण आत्ताच लिहून ठेवते, नंतर राहून जातं.

हे निवृत्त होऊन सात वर्षं झाली, मी तीन. पण खरी मोकळीक यंदाच मिळाली, आधी सासूबाईंच्या पायाचं ऑपरेशन, मग लेकीचं बाळंतपण. जानेवारीत यांनी स्वतःहूनच विषय काढला, म्हणाले आयुष्यभर रेडिओवर ऐकलं, आता जिथलं गाणं तिथे जाऊन ऐकू. हे ६५ पूर्ण झालेले, आणि बायकांना तर २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहेच, म्हंजे दोघांचं मिळून एकच तिकीट! महाराष्ट्रातलं बरंचसं फिरणं त्या लाल गाडीनेच झालं.

पहिल्यांदा कुडाळला गेलो, एका गावच्या जत्रेत दशावतार बघायला. रात्री उशिरा सुरू झालं ते पार उजाडेपर्यंत. मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, स्नेहसंमेलनात मुलांकडून दहा मिनिटांची नाटुकली बसवून घ्यायची म्हटलं तरी वहीत सगळे संवाद लिहून घ्यायचे, आणि इथे पायपेटी, पखवाज, झांज आणि चार-पाच माणसं, हातात कागदाचा तुकडा नाही. आख्यान तेवढं ठरलेलं, संवाद जागच्या जागी. साडी नेसून राणी झालेला माणूस आपल्या मुलासाठी असा रडला की माझ्या शेजारच्या आजी पदर डोळ्याला लावून बसल्या, आणि मीही. मग पहाटे थंडीत चहा पिताना हे म्हणाले, "अगं, हे सगळं यांच्या पोटात आहे." ते वाक्य वर्षभर माझ्याबरोबर फिरलं.

फेब्रुवारीत जैसलमेर. तिथल्या सम गावच्या वाळूत कॅम्पवर गाण्याचा कार्यक्रम होता, अर्धा तास, त्यात निम्मी सिनेमातली गाणी, मला वाईट वाटलं, एवढ्या लांब येऊन हेच का. पण दुसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर आम्हाला त्याच्या ओळखीच्या एका मांगणियार घरी घेऊन गेला. म्हातारबाबा खाटेवर कमायचा हे तंतुवाद्य घेऊन बसले, आंब्याच्या लाकडाचा, वर कातडं ताणलेलं, आवाज असा की घशातून आल्यासारखा. नातू शिसवीच्या खरताळ वाजवत होता, दोन्ही हातात दोन दोन पट्ट्या, बोटं दिसतच नव्हती. हे लोक मुसलमान, आणि पिढ्यानपिढ्या गातात ते मुख्यतः राजपूत यजमानांच्या घरी, बारसं असो लग्न असो. यजमानाच्या वाडवडिलांची नावं घेऊन स्तुती म्हणतात त्याला शुभराज म्हणतात. बाबांनी ती म्हणून दाखवली, एका दमात किती नावं, मी मोजायचं सोडून दिलं. मग आम्हाला विचारलं, तुमच्या वडिलांचे वडील, त्यांचे वडील, नावं काय? यांना चौथं नाव आलं नाही. मला माझ्या माहेरचं तिसरंच आलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, पुढचं गाणं सुरू केलं, पण मला ते फार लागलं. परतीच्या ट्रेनमधे आम्ही दोघंही गप्प होतो.

शिमग्याला गोव्यात घुमट हे मातीचं वाद्य ऐकलं. आषाढीला माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंत चाललो, त्याबद्दल वेगळं लिहीन, ते दोन ओळींत मावणार नाही.

तर परवाचा गोंधळ. लग्न हॉलमधे झालं, डीजे पण झाला, मुलांची हौस. पण गोंधळ घरीच आणि रात्रभर, असं मी आणि यांनी दिरांना आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या लग्नातल्या गोंधळाला मी दमून झोपून गेले होते, ३७ वर्षं ती चुटपुट मनात आहे. यावेळी चौक भरण्यापासून बसले. पाच उसांची खोपी, खाली कलश, दिवटी पेटली, कवड्यांच्या माळा घातलेल्या गोंधळ्याने संबळावर हात टाकला आणि एकेकाला बोलवायला लागला, तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई ये, माहूरची रेणुका ये, जेजुरीचा खंडेराया ये, पंढरीच्या विठ्ठला ये. प्रत्येक नावाला घरातले सगळे हात जोडत होते, बंगळूरहून आलेला माझा मुलगा पण, ज्याला सकाळी सातची मीटिंग होती.

आणि मधेच सासूबाई, वय ८८, खुर्चीतून म्हणाल्या, "थांब रे बाबा. आमची जानाई राहिली."

संबळ थांबलं. त्याने विचारलं, "कुठली जानाई, आई?" सासूबाईंनी सांगितली, त्यांच्या माहेरची, ओढ्याकाठची. त्याने लगेच तिला चालीत घेतलं. मग अजून एक सांगितली, मग अजून एक. जिथे जिथे त्या लहानपणी राहिल्या, जिथे त्यांच्या आत्या-मावश्या दिल्या होत्या, तिथली प्रत्येक देवी त्यांनी त्या रात्री बोलावली. आम्ही एवढी वर्षं एका घरात राहतो आणि हे आम्हाला माहीत नव्हतं. जैसलमेरचे बाबा डोळ्यासमोर आले. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, एवढं सगळं पोटात घेऊन बाई बसलेली आणि मी त्यांना रोज फक्त विचारते, गोळी घेतली का.

काल सकाळी ओसरीवर हे वही घेऊन त्यांच्या पायाशी बसले. "आई, सावकाश सांग, मी लिहितो." देवींची अकरा नावं झाली. मग पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं. मग बायकांची नावं, ती तर कुठल्याच सातबाऱ्यावर नाहीत, ती सांगताना सासूबाईंना मधेच जात्यावरची ओवी आठवली आणि त्या ती म्हणायला लागल्या, आवाज थरथरत होता पण एक शब्द अडला नाही. लेकीने फोनवर रेकॉर्ड केलं. यांचं लिहिणं थांबलं होतं, पेन हातात तसंच.

अकरापैकी सात ठिकाणं कुठे आहेत ते सासूबाईंना नीट आठवतंय. पहिलं ओढ्याकाठचं. संक्रांत झाली की त्यांना घेऊन जायचं ठरलंय, गाडी दिरांची. त्यांनी आत्ताच विचारलं, खणानारळ किती लागतील.