तुम्ही विचारलंत म्हणून: औषध लागू पडेल का हे कम्प्युटर आधीच सांगतो का?

कॅन्सरच्या गाठी कशा वाढतात याची कम्प्युटरवर चालणारी गणिती मॉडेल्स बनवायचं काम करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, पेशंटची सगळी माहिती कम्प्युटरमध्ये टाकली की केमो लागू पडणार का हे आधीच कळतं का? विचारणाऱ्याच्या घरात बरेचदा कोणीतरी आजारी असतं, म्हणून नुसतं हो किंवा नाही म्हणून मला सोडून देता येत नाही.

एका माणसाचं नेमकं काय होईल हे आज कुठलंही मॉडेल खात्रीने सांगत नाही. पण औषध कधी द्यायचं, किती अंतराने द्यायचं, यात मॉडेलचा खरा उपयोग आहे आणि तो जुना आहे. गाठ लहान असताना झपाट्याने वाढते, मोठी झाली की वेग मंदावतो, हे धरून 1977 मध्ये नॉर्टन आणि सायमन या संशोधकांनी मांडलं की केमोनंतर उरलेल्या थोड्या पेशीच सगळ्यात जोरात वाढतात, मग त्यांना सावरायला वेळ का द्यायचा? डोस तेवढाच ठेवा, अंतर कमी करा. ब्रेस्ट कॅन्सरच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये तीनऐवजी दोन आठवड्यांनी केमो देऊन पाहिली, पांढऱ्या पेशी सावरायला इंजेक्शन देऊन, आणि 2003 मध्ये निकाल आला तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण खरंच कमी झालेलं होतं.

याच्या अगदी उलट वाटेल असंही एक उदाहरण आहे. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये गेटनबी आणि त्यांच्या टीमने पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पीएसए (आजार किती आहे याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रोटीन) निम्म्यावर आला की औषध थांबवलं, मूळ आकड्यावर गेला की परत सुरू केलं. कारण औषधाला दाद देणाऱ्या पेशी जिवंत ठेवल्या तर त्या न दाद देणाऱ्या पेशींना डोकं वर काढू देत नाहीत, असं त्यांचं मॉडेल सांगत होतं. 2017 मध्ये छापलेल्या निकालात निम्म्याहून कमी औषधात आजार जास्त काळ आटोक्यात राहिलेला दिसला. फक्त पेशंट जेमतेम 11 होते, त्यामुळे हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, प्लीज.

आता अडतं कुठे ते सांगते. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत साधारण 100 कोटी पेशी असतात. समजा त्यातल्या एक लाख पेशींवर औषधाचा परिणामच होत नाही. म्हणजे दहा हजारात एक, स्कॅनमध्ये हे दिसणं शक्यच नाही. मी मॉडेल दोनदा चालवते, एकदा या लाखभर पेशी धरून आणि एकदा न धरता, तर सुरुवातीला गाठीचा आकार दाखवणाऱ्या दोन्ही रेघा एकमेकींवर इतक्या तंतोतंत बसतात की स्क्रीनवर एकच रेघ वाटते, गाठ छान आटत चाललेली, आणि मग बऱ्याच उशिरा एक रेघ वळून वर चढायला लागते. सुरुवातीचे स्कॅन दोघींनाही सारखेच जुळतात! गणित कच्चं नाहीये, माहितीच अपुरी आहे, आणि जास्त स्कॅन मिळावेत म्हणून पेशंटला विनाउपचार थांबवून ठेवणं तर कोणीच करणार नाही.

म्हणून आम्ही आकडे बदलून बदलून तेच मॉडेल हजारो वेळा चालवतो आणि उत्तर म्हणून एक पट्टा देतो, कमीत कमी एवढं, जास्तीत जास्त एवढं. तुम्हाला कोणी ‘सॉफ्टवेअर म्हणतंय इतके टक्के चान्स’ असा एकच आकडा दिला, तर जरूर विचारा की पट्टा केवढा आहे, आणि हा अंदाज उपचाराच्या आधी लिहून ठेवून मग नव्या पेशंटवर तपासला होता का, की जुन्या केसेसना नुसता जुळवून घेतलाय.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा रक्ताच्या तपासणीची वाटते. गाठीतला डीएनए थोडा रक्तात उतरतो आणि रक्त स्कॅनपेक्षा कितीतरी वेळा घेता येतं, म्हणजे त्या दोन रेघा कुठे फुटतात ते गाठ परत वाढलेली दिसायच्या आधी पकडता येऊ शकतं, आणि औषध बदलायला हातात थोडा वेळ राहतो.