जामीनदार

मी एका कंपनीच्या ट्रस्टमध्ये परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचं काम पाहते. मुलाखतींच्या दिवसांत आमच्या लोअर परळच्या ऑफिसात आठ वाजल्यापासूनच मुलं फायली मांडीवर घेऊन बसलेली असतात. त्या दिवशी तिसरं नाव भांडुपच्या एका मुलीचं होतं. माटुंग्याच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल झालेली, जर्मनीत एमएसला प्रवेश मिळालेला. तिच्या विद्यापीठात फी नव्हती, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथे गेल्यावर दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, भरायचे होते. तेव्हाच्या दराने जवळपास 11 लाख रुपये.

"वडील काय करतात?" समितीतल्या सरांनी विचारलं.

"लेथ मशीनवर आहेत, सर. भांडुपलाच, एका गाळ्यात."

आणि तिनं फडक्यात गुंडाळलेले दोन लोखंडी तुकडे टेबलावर ठेवले. "हात फिरवून बघा." एकावर नखाला लागतील अशा बारीक लाटा, दुसरा गुळगुळीत. लेथवरचं कापणारं टूल जास्त बाहेर काढलं की ते थरथरतं आणि जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर, असे वळ उठतात. तिच्या वडिलांना ते नुसत्या आवाजावरून कळतं, लगेच स्पीड बदलतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिनं टूल धरणाऱ्या टूलपोस्टवर सेन्सर बसवला आणि वडिलांच्या कानाला कळतं ते आलेखावर उतरवलं. सर तो तुकडा हातातून खाली ठेवेनात.

गुण सगळ्यांत जास्त तिलाच पडले. मी फाइल उघडली, तर जामीनदाराचा रकाना कोरा.

"मामा सही करणार होते, मॅडम. रात्री नाही म्हणाले. त्यांचंच घराचं लोन चालू आहे."

आमची शिष्यवृत्ती बिनव्याजी कर्जाची आहे. मुंबईत ही रीत जुनी. जमशेटजी टाटांनी 1892 साली सुरू केलेली एंडोमेंट, म्हणजे शिष्यवृत्तीचा निधी, कर्जाऊच, के. सी. महिंद्रा शिष्यवृत्तीही 1956 पासून तशीच. एकाचे हप्ते परत येतात त्यातून पुढच्याचं तिकीट निघतं, हे मला मनापासून पटतं. पण उत्पन्नाचे कागद दाखवणाऱ्या जामीनदाराची आमची अट मला दरवर्षी टोचते. ज्याच्या घरात फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, आहे त्याला बँकही कर्ज देते. ज्याच्या सात पिढ्यांत तो कागद नाही, त्याच्यासाठीच तर आपण इथे बसलोय ना?

दुपारी जेवण बाजूला ठेवून मी नियमावली काढली. दोन जामीनदारांनी निम्मी-निम्मी जबाबदारी घ्यायची सोय तिच्यात होती. माझ्या 9 वर्षांत ती कुणी वापरली नव्हती. मी समितीपुढे नेली. कागद आजच पूर्ण झाले तर चालेल, असं ठरलं.

चारला गाळ्याचे मालक स्वतः इन्कम टॅक्स रिटर्नच्या प्रती घेऊन आले. दुसरं कोणी मिळेना. सहाला मुलीचे वडील आले, सोबत त्यांच्या चाळीतल्या एक बाई. महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर, ड्यूटी संपवून थेट आलेल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी फॉर्म 16 काढला आणि पेन मागितलं.

"ताई, आधी नीट वाचून घ्या," वडील म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "साडेपाच लाखांची जबाबदारी आहे."

"वाचते ना," म्हणाल्या, आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून खरंच वाचू लागल्या. आम्ही सगळे गप्प उभे. सात पानं होती.