रिसीव्हरच्या पलीकडचा मुलगा

फोनवर बोलणाऱ्या माणसाकडे लांबून नुसतं पाहत राहावं. पलीकडचं अक्षर ऐकू येत नाही, पण बँकेचा फोन आहे की सासरचा, ते पाठीवरूनसुद्धा कळतं. हेच नाटक म्हणून करायला गेलं की भलेभले उघडे पडतात.

बीबीसीच्या 'कीपिंग अप अपिअरन्सेस' या विनोदी मालिकेत (१९९० ते १९९५, ४४ भाग) अभिनेत्री पॅट्रिशिया राउटलेज हायसिंथ बकेट झाली होती. बकेट म्हणजे बादली. बाई मात्र स्वतःचं आडनाव 'बुके' असंच उच्चारणार, बादलीचा पुष्पगुच्छ! पांढराशुभ्र फोन उचलून ती राजवाड्यातून बोलावं तसं घराण्याचं नाव सांगते आणि पलीकडे पुष्कळदा चायनीज जेवण मागवणारा राँग नंबर निघतो.

पण खरी गंमत तिच्या मुलाची. शेरिडन पाचही पर्वांत एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. तरी हा लाडोबा, सतत पैसे मागणारा मुलगा आपण पाहिलाय असं वाटत राहतं. तो सगळा राउटलेजच्या थांबण्यातून घडलेला.

फोनचा प्रवेश बसवायचा तर पलीकडची वाक्यं आधी पूर्ण लिहून काढावीत आणि थांबताना मनात म्हणावीत. 'हो'ला अर्धा सेकंद पुरतो, पैशांच्या मागणीला तीनही लागतात. सगळे थांबे एकाच मापाचे झाले की लाइन बंद आहे हे शेवटच्या रांगेलाही समजतं. दुसरी खोड लेखकांची: 'काय म्हणतोस, पैसे हवेत?' असं पलीकडचं वाक्य इकडून वदवून घेणं. एकदा चालतं, चारदा झालं की पात्र बहिरं वाटतं. आणि सगळ्यात नडतो तो चेहरा. नटाला पुढचं पान पाठ असतं, म्हणून बातमी कानात शिरण्याआधीच तो पडतो. रिसीव्हरही कॅमेऱ्याच्या उलट कानाला हवा, नाहीतर अर्धा अभिनय पंजाआड जातो. यात एक सोयही आहे. स्टुडिओतले प्रेक्षक हसत राहिले तर 'ऐकणं' तेवढं लांबवता येतं.

हे सगळं कानाचं काम, आणि राउटलेजचा कान गाण्यात तयार झालेला होता. १९२९ साली बर्कनहेडला जन्म, लिव्हरपूल विद्यापीठात इंग्रजी, १९५२मध्ये तिथल्याच प्लेहाउस नाट्यगृहातून सुरुवात. 'डार्लिंग ऑफ द डे' हे संगीतक १९६८मध्ये ब्रॉडवेवर महिनाभरच टिकलं, पण तिला टोनी हा ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार देऊन गेलं. 'कँडिड' या संगीतकासाठी १९८८चं ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचा पुरस्कार. म्हणून तर मालिकेत हायसिंथ जे भयंकर बेसूर गाते, ते गाणं इतकं नेमकं बिघडतं. सूर कुठे आहे हे माहीत नसलेला माणूस कधीकधी चुकून सुरात लागतो. तिच्या बाबतीत तो धोका नव्हता.

३ ऑक्टोबर २०२५ला, ९६व्या वर्षी, ती गेली. बातमी सगळीकडे बादलीबाईंचीच झाली. साहजिक आहे, पण हायसिंथच्या दोनच वर्षं आधी तिने नाटककार ॲलन बेनेटच्या 'अ लेडी ऑफ लेटर्स' या टीव्हीवरच्या एकपात्री प्रयोगात आयरीन रडक केली होती, ती मला जास्त मोठी वाटते. तिथे फोन नाही की पलीकडचं कोणी नाही. समोर फक्त कॅमेरा, आणि खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर ठेवून तक्रारींची पत्रं खरडणारी एकटी बाई. त्या पत्रांपायी ती शेवटी तुरुंगात जाते. आणि तिथे, इतक्या वर्षांनी, तिला गप्पा मारायला मैत्रिणी मिळतात.