लिहिणारा दिसत नाही

ऑफिसातल्या लिहिण्या-बोलण्याचा कोर्स संपला. मार्क चांगले पडलेत, प्रमाणपत्र कुठल्या भिंतीवर लावायचं तेही आईने ठरवून टाकलंय. आणि मी अडकलेय शेवटच्या असाइनमेंटच्या समासात. सरांनी लाल शाईने लिहिलंय, 'मांडणी बरोबर. भाषा बरोबर. लिहिणारा दिसत नाही.'

आधी रागच आला. अख्खा कोर्सभर शिकवलं काय? 'मी' कमी करा. भावना बाजूला ठेवा. पत्र संस्थेचं असतं, तुमचं नसतं. स्पष्ट, नेमकं, पूर्ण, थोडक्यात, अचूक, सभ्य, आणि वाचणाऱ्याचा विचार करून लिहा. सात कसोट्या पाठ झाल्या, प्रत्येक पत्राखाली त्या लावून बघायची सवय लागली. त्या सातही लागू पडतील असं पत्र लिहून दिल्यावर आठवी कसोटी कुठून काढली?

असाइनमेंट अशी होती : शिरोलीच्या एका फाउंड्रीतून पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे नग, गेलं. २४० नगांच्या लॉटमधल्या १७ नगांत मशिनिंगनंतर ब्लोहोल, म्हणजे आतली पोकळ भोकं, निघाले. गिऱ्हाइकाची तक्रारीची मेल आलीय, तिला उत्तर लिहा.

कोल्हापुरात हा विषय समजावून सांगावा लागत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, या औद्योगिक वसाहतींत कुठे ना कुठे घरातलं कुणीतरी असतंच. सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या वाळूत, ओल जास्त राहिली, कोअर (नगाच्या आत हवी ती जागा मोकळी ठेवायला साच्यात बसवतात तो वाळूचा भाग) नीट भाजला गेला नाही, किंवा साच्यातून वाफ-वायू निघायला वाट ठेवली नाही, की तो वायू धातूत अडकतो आणि आत पोकळी राहते. वरून नग देखणा दिसतो. मशिनवर वरचा थर कातला की भोक उघडं पडतं. त्यामुळे ही तक्रार नेहमी उशिरा येते, आणि गिऱ्हाइकाचं टूल, वेळ, मजुरी खर्च होऊन गेल्यावर येते. मेल चिडलेली असते ती उगीच नाही.

अशा मेलला उत्तर लिहिताना क्रम महत्त्वाचा. विषयाच्या ओळीत भागाचा क्रमांक आणि चलन क्रमांक हवाच, नुसतं 'तक्रारीबाबत' लिहिलं तर महिन्याभराने ती मेल कुणालाच सापडत नाही. पहिल्या परिच्छेदात त्यांचेच आकडे आपल्या शब्दांत परत लिहायचे : कुठला लॉट, किती नग, काय दोष, कधी दिसला. म्हणजे आपण वाचलंय हे त्यांना कळतं, आणि समजण्यात काही फरक असेल तर तिथेच उघड होतो. दुसऱ्या परिच्छेदात ताबडतोब काय केलं : त्याच हीट नंबरचे, म्हणजे त्याच वेळी वितळवलेल्या धातूचे, उरलेले नग बाजूला काढले का, वाटेत असलेला माल थांबवला का, बदली नग कधी निघणार. कारण त्यानंतर. वाहन कंपन्या जो आठ पायऱ्यांचा एट-डी अहवाल मागतात, त्यातही तिसरी पायरी नुकसान आवरण्याची आहे आणि मूळ कारण चौथ्या पायरीवर आहे. त्यामागचं कारण साधं आहे. गिऱ्हाइकाची लाइन चालू असते. त्याला आधी हे हवं असतं की हातातले बाकीचे २२३ नग लावू का नको. सँडची ओल किती टक्के होती हे तो दोन दिवसांनी ऐकेल.

बहुतेक पत्रं इथेच बिघडतात. कारणापासून सुरुवात केली की ते कारण सबबीसारखं वाचलं जातं. 'पावसाळी हवामानामुळे सँडमधील आर्द्रता वाढल्याने...' हे खरं असलं तरी पहिल्या ओळीत ते वाचून समोरच्याचं डोकं फिरतं, पाऊस काय यंदाच पडतोय? दुसरं, तपास पूर्ण व्हायच्या आधी कारण छातीठोकपणे सांगून टाकायचं. पुढे ते चुकीचं निघालं तर आधीचं पत्रच आपल्या विरोधात उभं राहतं. जेवढं तपासलं तेवढंच लिहायचं, जिथे अंदाज आहे तिथे 'बहुधा' लिहायचं, आणि अंतिम अहवाल कुठल्या तारखेला देणार ते लिहायचं. 'लवकरच' नाही, तारीख. माफी एकदा, आणि कशाची ते नाव घेऊन. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य कुठल्याही पत्रात, कुठल्याही गैरसोयीला चालतं, म्हणूनच ते कुणाच्या मनाला लागत नाही. 'तुमचं १७ नगांचं मशिनिंग वाया गेलं, त्याबद्दल दिलगीर आहोत' हे लागतं.

हे सगळं माझ्या पत्रात होतं. ओळीने होतं. तरी लिहिणारा दिसत नाही.

रात्री हेच डोक्यात फिरत राहिलं आणि मग वाईट वाटायला लागलं. दिसणार कसा? कोर्समध्ये पहिल्यांदा कात्री लागली ती आमच्या बोलण्याला. वाक्याच्या शेवटी येणारा 'की' काढा. हेल काढा. 'हाय'चं 'आहे' करा. फोनवर आवाज खाली. काढत काढत गेले, आणि सगळं काढून झाल्यावर विचारायचं की बाई, तू कुठायस? त्या वर्गात पहिल्या दिवशी जी हसाहस झाली होती ती... जाऊ दे. तो विषय आज नको.

पण आवाजावरून एक आठवलं, ते लिहून ठेवते, कारण प्रत्येक बॅचला हे चुकीचं शिकवलं जातं. बोलण्याचा परिणाम ७ टक्के शब्दांचा, ३८ टक्के आवाजाचा, ५५ टक्के चेहऱ्याचा, अशी स्लाइड सगळीकडे फिरते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले प्रयोग होते ते, आणि ते फक्त समोरच्याला आपल्याबद्दल काय वाटतं, आवड की नावड, हे ओळखण्यापुरते होते. तेही शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी. एकेकटे सुटे शब्द ऐकवून केलेले. त्यातून 'शब्दांना सात टक्केच किंमत' असा निष्कर्ष निघत नाही. नाहीतर चलन क्रमांक चेहऱ्याने सांगून दाखवावा कुणीतरी.

सकाळी पुन्हा कागद काढला आणि शांतपणे विचार केला की लिहिणारा कुठे दिसायला नको. बैठकीच्या इतिवृत्तात नको. तिथे तारीख, वेळ, हजर कोण, कळवून गैरहजर कोण, आणि प्रत्येक विषयासमोर तीन गोष्टी : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कुणाचा आवाज चढला, कोण मध्येच उठून गेलं, हे नको. 'सविस्तर चर्चा झाली' हे तर मुळीच नको, त्यातून पुढच्या बैठकीला काहीच हाती लागत नाही. इतिवृत्त त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पाठवायचं. आठवड्याने पाठवलं की प्रत्येकाला वेगळंच ठरलेलं आठवतं आणि कागदावरून नवं भांडण सुरू होतं. तपासणीच्या अहवालात नको. कामाच्या सूचनापत्रात नको. तिथे लिहिणारा दिसला की वाचणाऱ्याला शंका येते. मला हे अदृश्य राहणं जमतं, आणि ती लहान गोष्ट नाही. वर्गातल्या निम्म्या इतिवृत्तांत लिहिणाऱ्याची बाजू पहिल्या पानावरच कळायची.

मग तक्रारीच्या उत्तरात तो का दिसायला हवा? तिथे समोरचा रागावलेला आहे आणि त्याला कुणीतरी माणूस हवा आहे, एवढं कळत होतं. पण दिसायचं म्हणजे काय करायचं, ते कळत नव्हतं. 'मला मनापासून वाईट वाटले' लिहायचं? ते तर खोटं वाटेल.

दादाने पत्र वाचलं. त्याने भाषेबिषेबद्दल काही म्हटलं नाही. शेवटपर्यंत गेला आणि म्हणाला, "आणि फोन कुणाला लावायचा?"

खाली होतं : आपला विश्वासू, गुणवत्ता विभाग. कोर्सच्या नमुना पत्रांत तसंच असतं.

दादाचं फोनवरचं बोलणं लहानपणापासून ऐकतेय. "सतरा न्हवं? अजून दोन-चार निघतील बघा त्यात. बाकीचे लावू नगा आज. मी आजची गाडी थांबवतो, उद्या सकाळी बदली माल टाकतो. मी हाय की." कोर्सच्या तक्त्यावर याला मार्क पडणार नाहीत. पण बघितलं तर त्यात सगळं आहे, आणि योग्य क्रमाने आहे : त्यांचा आकडा परत सांगितला, आणखी निघतील ही वाईट बातमी स्वतःहून दिली, वापर थांबवा म्हणाला, मग आपण काय करतोय, कधी करतोय. कारणाचा शब्द नाही. शेवटी जबाबदारी कुणाची ते. यात एकच खोट आहे, ती म्हणजे मागे कागद राहत नाही. म्हणून असा फोन झाल्यावर तासाभरात दोन ओळींची मेल जायलाच हवी, 'आज दुपारी आपले बोलणे झाले त्याप्रमाणे' अशी सुरुवात करून, तेच आकडे आणि तीच तारीख घालून. नाहीतर पुढच्या महिन्यात 'असं ठरलंच नव्हतं' सुरू होतं.

आणि मग शाहू महाराजांचा तो हुकूम आठवला. शाळेपासून फक्त तारखेसाठी पाठ केलेला, २६ जुलै १९०२, करवीर संस्थान. आज तो पत्र म्हणून वाचला. महाराज त्या वेळी विलायतेत होते. हुकूम मिळाल्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ज्या कचेरीत हे प्रमाण आज ५० टक्क्यांहून कमी आहे तिथली पुढची नेमणूक या वर्गांतलीच व्हावी. या हुकुमानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचा तिमाही तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावा. आणि मागासलेले वर्ग म्हणजे कोण समजायचे, तेही त्यातच लिहिलेलं, म्हणजे उद्या कुणी अर्थावरून पळवाट काढायला नको.

या कलमांत कळकळीचं एकही वाक्य नाही. दिनांक, टक्के, व्याख्या. पण तो तिमाही तक्ता! तो वाचला आणि मी थांबले. अधिकारी हो म्हणतील आणि काही करणार नाहीत, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. दर तीन महिन्यांनी मी बघणार आहे, एवढंच त्याने सांगून ठेवलं. शाहू महाराज मला त्या ओळीत जेवढे दिसले तेवढे दसरा चौकातल्या पुतळ्यातही दिसले नव्हते. समुद्रापलीकडे असलेला माणूस त्या कागदात हजर आहे.

म्हणजे दिसायला भावना ओतावी लागत नाही. मी कुठे बांधली जातेय, ते लिहावं लागतं.

पत्राचा दुसरा खर्डा केला. मधलं सगळं तसंच ठेवलं, ते बरोबरच होतं. बदल शेवटी :

'सँडमधील ओल आता प्रत्येक पाळीत दोनदा तपासली जाईल. पुढच्या तीन लॉटच्या नोंदी प्रत्येक चलनासोबत मी आपणास पाठवीन. वेगळे काढलेले नग कापून तपासले, तर त्याचे फोटो गुरुवारी पाठवीन. त्याआधी काही विचारायचे असल्यास खालील क्रमांकावर सकाळी दहा ते सहा मी उपलब्ध आहे.' आणि खाली विभागाच्या आधी नाव.

पत्रातला एकवचनी 'मी' बघून सुरुवातीला हात अडखळला. 'आम्ही' कुठे आणि 'मी' कुठे, हे मनाशी असं ठरवलं : निर्णय, दर, भरपाई संस्थेच्या नावाने, कारण ते पाळायचं बळ माझ्याकडे नाही. पाठवणं, कळवणं, फोन उचलणं माझ्या नावाने, कारण ते माझ्याच हातात आहे. आपल्या अधिकारात नसलेल्या गोष्टीला 'मी' लावला तर तो पोकळ निघतो, आणि साहेबही बोलतात. आणि हे तीनच लॉट का? कायमचं लिहिलं तर चौथ्या महिन्यात नोंद राहून जाणार आणि सगळं पत्र खोटं पडणार. तीन झेपतात.

बोलण्यातून गेलेला 'की' परत येईल का माहीत नाही. फोनवर येईल बहुधा. पत्रात नसला तरी आता तेवढं लागत नाही. सरांवरचाही राग गेला. शेरा अजून जरा सविस्तर लिहायला हवा होता त्यांनी, हे मात्र माझं मत कायम आहे. 'लिहिणारा दिसत नाही' यातून काय दुरुस्त करायचं ते कळत नाही, आणि कुठल्याही अभिप्रायात ते कळायला हवं, हे त्यांनीच शिकवलंय. भेटले की सांगणार आहे.

गोकुळ शिरगावच्या जागेसाठी शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवायचाय. विषयात पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक. रेझ्युमे एक पान, पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात माझं पूर्ण नाव, नाहीतर त्यांच्याकडे 'रेझ्युमे फायनल' नावाच्या पन्नास फाइली असतात. 'कष्टाळू, जबाबदार, मिळूनमिसळून काम करणारी' ही ओळ काढली. तिथे लिहिलंय : 'गिऱ्हाइकांच्या तक्रारींना मराठी आणि इंग्रजीत उत्तरे लिहू शकते, नमुना सोबत जोडला आहे.' मेल पाठवायच्या आधी जोडलेल्या दोन्ही फाइली एकदा मोबाइलवर उघडून बघायच्या, कारण मराठी फॉन्ट बऱ्याचदा तिथेच तुटतो. सोमवारी अकरानंतर फोन करून पोचला का विचारायचं. साडेनऊ-दहाला नको, पाळीची गडबड असते, दादा म्हणाला.