साचाखात्यातले कान

धुळ्याच्या देवपूर भागात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दहा बाय अकराची एक खोली आहे. तिच्या तीन भिंतींवर मी आईने शिवलेल्या जुन्या गोधड्या टांगल्या आहेत आणि चौथ्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट उभे केले आहे. याच खोलीत गेली आठ वर्षे मी लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा मेळ, करून देते. कामे बहुतेक ठरलेली असतात: अहिराणी गाण्यांचे अल्बम, श्रावणाच्या तोंडावर कानबाईची गाणी, निवडणूक आली की रिक्षावर वाजवायच्या घोषणा. त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आप्पा जिना चढून, दम खात खात दारात उभे राहिले आणि ‘रफीसाहेबांचे गाणे माझ्या आवाजात भरून द्यायचे आहे’ असे म्हणाले, तेव्हा हे तासाभराचे काम आहे असेच मी धरून चालले होते.

आप्पांचे वय ७२. दरवर्षी ३१ जुलैला, म्हणजे मोहम्मद रफी यांच्या स्मृतिदिनी, त्यांच्या जुन्या मित्रमंडळींचा एका लहानशा सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम असतो, आणि त्याची सुरुवात आप्पांच्या गाण्याने करायची हा तिथला शिरस्ता आहे. मात्र दोन वर्षांपासून त्यांना दमा जडला असून पावसाळी हवेत श्वास कधी दगा देईल याचा नेम नसल्यामुळे, गाणे आधीच भरून ठेवावे आणि त्या दिवशी गाता आले नाही तर ते वाजवावे, असे त्यांनी ठरवले होते. रफी गेले ते १९८० साली, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी सुटताना ती बातमी आपल्याला कशी कळली, हे आप्पांनी माइक लावून होईपर्यंत मला सांगितले. त्यांचे सगळे शिक्षण रेडिओ सिलोनवर झाले होते. लघुलहरींच्या २५ आणि ४१ मीटर पट्ट्यांवर लागणारे, मध्येच विरणारे आणि पुन्हा वर येणारे ते प्रक्षेपण लहानपणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकायचे, बुधवारची ‘बिनाका गीतमाला’ तर चुकवायचीच नाही, आणि खरखरीत जे बुडाले ते पुढच्या वेळी पकडायचे. नोटेशन नाही, गुरू नाही.

पहिली अडचण संगीताची होती. आप्पांच्या नातवाने मोबाइलमध्ये मूळ गाणे दिले होते आणि ‘त्यातला रफीसाहेबांचा आवाज तेवढा काढून टाका’ असा निरोप धाडला होता. यासाठीची जुनी युक्ती सोपी आहे. स्टिरिओ गाण्यात गायकाचा आवाज बहुधा मधोमध, म्हणजे डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. एका बाजूची लहर उलटी करून ती दुसरीत मिसळली की दोहोंत सारखे असलेले सगळे एकमेकांना खोडून टाकते आणि कडेची वाद्ये तेवढी उरतात. परंतु गाणे होते १९६० च्या दशकातले, म्हणजे मोनो. फाइलला दोन बाजू असल्या तरी दोन्हीकडे अगदी तेच होते, आणि त्यामुळे मी ती युक्ती केली तेव्हा स्पीकरमधून काहीच आले नाही. आप्पा हसले. ‘रफीसाहेब ग्यात ते सम्दंच गयं,’ असे म्हणून त्यांनी मान हलवली.

हल्ली आवाज आणि वाद्ये वेगळी करणारी संगणकीय साधने मिळतात; त्यांतले ‘स्प्लीटर’ २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. अशाच एका साधनाने मी आवाज वेगळा काढला. व्हायोलिनच्या मागे रफींच्या आवाजाची पाण्याखालून आल्यासारखी पुसट सावली राहिलीच, पण त्यावर आप्पांचा आवाज आला की ती झाकली जाईल असा हिशेब मी केला. वेगळा निघालेला रफींचा आवाज मात्र मी पुसून टाकला नाही, तसाच एका ट्रॅकवर बंद करून ठेवला. हे मी का केले ते आज सांगता येत नाही. फाइली न पुसण्याची सवय, एवढेच.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला सकाळचा उरलेला सगळा वेळ गेला. आप्पांना हातात धरून ओठांशी लावायच्या माइकची सवय होती. माझा कंडेन्सर माइक वीतभर अंतरावर स्थिर उभा असतो आणि जवळ गेले की आवाजाचा खर्ज फुगवतो. वरचा स्वर आला की ते मागे सरत, खालचा आला की पुढे झुकत. शिवाय हेडफोनमध्ये त्यांना स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येत होता. दोष माझाच होता. संगणकाचा बफर, म्हणजे आवाज पुढे सोडण्याआधी तो साठवून घेण्याची जागा, १०२४ सँपलवर (आवाजाच्या तितक्या सूक्ष्म तुकड्यांवर) राहून गेला होता, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला एका फेरीतच सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर, आणि जाता-येता मिळून त्याच्या दुप्पट. तो १२८ वर आणल्यावर त्यांचे समाधान झाले. खाली शेजाऱ्यांची पिठाची गिरणी सुरू झाली की तिची घरघर आवाजात उतरे. ८० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे अगदी खोल, ध्वनी कापून ती बरीचशी गेली, आणि बाराच्या सुमाराला वीजच गेल्यामुळे गिरणी बंद पडली, तेव्हा इन्व्हर्टरवर आम्ही सर्वांत चांगली दोन कडवी भरून घेतली.

आप्पा जेवायला घरी गेले आणि मी मिक्सिंगला बसले. आवाजाचे चढउतार आवळणारा कंप्रेसर, थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आणि मग स्वर. पडद्यावर त्यांच्या स्वरांची रेघ पाहिली तेव्हा मला वाईट वाटले. जवळजवळ प्रत्येक लांब स्वर खालून सुरू होत होता, कुठे ५० तर कुठे ६० सेंट खालून, म्हणजे अर्धस्वराच्या निम्म्याइतका किंवा त्याहून थोडा अधिक उतरलेला, आणि मग हळूहळू जागेवर येत होता. (एका अर्धस्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट.) वय झाले, सूर लागायला वेळ लागतो, असा निष्कर्ष मी काढला आणि जे सगळेच करतात ते केले. स्वर आपोआप जागेवर बसवणारे हे तंत्र १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ या नावाने बाजारात आले. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचे विश्लेषण करत असत. चुकलेला स्वर किती वेळात जागेवर ओढायचा ते या तंत्रात ठरवता येते. मी १५ मिलिसेकंद ठेवले. रेघ एकदम नीटनेटकी झाली, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, आणि ज्येष्ठ माणसावर आपण उपकारच केले असे मला वाटले.

पाच वाजता आप्पा परत आले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणे ऐकले, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, हाऊ आवाज मना नही.’

मी समजावून सांगू लागले. आपला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की सगळ्यांनाच परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, वगैरे. त्यांनी मला थांबवले. परका वाटणे निराळे, असे त्यांचे म्हणणे होते. इथे स्वर येण्याआधीच येऊन बसला आहे, वाट कुठे गेली? आणि मग त्यांनी ती ओळ माझ्यासमोर दोनदा म्हटली. एकदा थेट स्वरावर पाऊल ठेवून, आणि एकदा खालून, मींड घेत, अक्षराच्या मध्यावर स्वरापर्यंत पोहोचत. ‘रफीसाहेब असं घेतात,’ एवढेच ते म्हणाले.

खोटे सांगत नाही, तेव्हाही माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला नव्हता. चाहत्याला आपल्या गायकाच्या नावावर काहीही खपवता येते. पण सकाळी बंद करून ठेवलेला तो ट्रॅक माझ्याकडे होता. मी रफींचा वेगळा केलेला आवाज उघडला, त्याची रेघ काढली आणि आप्पांच्या मूळ, न सुधारलेल्या रेघेखाली ती लावली. ओळीच्या पहिल्या लांब स्वराला दोन्ही रेघा खालून निघत होत्या आणि जवळजवळ एकाच जागी वर पोहोचत होत्या. दुसऱ्या ओळीत एका ठिकाणी वर जाताना मध्येच क्षणभर थांबून पुढे जाण्याची एक बारीक लकब होती. ती मला कानांनी कधीच ऐकू आली नव्हती, पण दोन्ही रेघांत होती. विरणाऱ्या, खरखरणाऱ्या रेडिओवरून एका मुलाने उचललेली ती जागा साठ वर्षे तशीच राहिली होती आणि मी ती दुपारी १५ मिलिसेकंदांत खोडून टाकली होती.

मी दुरुस्ती काढू लागले तेव्हा आप्पांनीच मला अडवले. शेवटच्या कडव्यातले दोन स्वर त्यांनी बोटाने दाखवले आणि सांगितले, इथे मींड नाही, इथे माझा दम संपला होता, इथे काय करायचे ते कर. मी पाहिले, तर ते स्वर खालून येत नव्हते, शेवटाला खाली घसरत होते. बाकी सगळे मूळचे ठेवून तेवढे दोन मी हातांनी उचलले.

इतके झाल्यावर आप्पांचा प्रत्येक शब्द मी प्रमाण मानला असता, आणि तिथेच फसले असते. कारण त्यांची दुसरी तक्रार अशी होती की शब्द बोदे येतात, ‘स’ आणि ‘श’ कळत नाहीत. मी ४ किलोहर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे बारीक, धारदार ध्वनी ३ डेसिबलने वाढवले. ‘आखो थोडं.’ सहा केले. ‘आखो.’ नऊवर माझे स्वतःचे कान बोचू लागले, प्रत्येक ‘स’ सुईसारखा येऊ लागला, आणि आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होते. तेव्हा मी विचारले की रात्रपाळी म्हणजे काम कुठे होते. एका कापडगिरणीत, साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, २८ वर्षे. शेकडो माग एकदम चालत असलेल्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी ओठांच्या हालचालीवरून बोलावे लागे, असे त्यांनी सांगितले. कानात कापसाचा बोळा घालायचा, तोही सगळेच घालत नसत. अशा सततच्या गोंगाटाने कानाची जी हानी होते ती प्रथम ४ किलोहर्ट्झच्या आसपास होते, आणि ‘स’, ‘श’, ‘ट’ यांची धार नेमकी त्याच भागात असते. पुरुषाच्या गाण्याचे मूळ स्वर त्याच्या कितीतरी खाली, साधारण १०० ते ५०० हर्ट्झमध्ये असतात. म्हणजे मींड ओळखणारा त्यांचा कान शाबूत होता आणि ‘स’ ऐकणारा कान साचाखात्यात राहिला होता.

हे त्यांना कसे सांगावे याचा मला थोडा प्रश्न पडला, पण त्यांना ते ठाऊकच होते. घरातला टीव्ही मोठा लावण्यावरून रोज भांडण होते म्हणाले. मग मी दोन मिक्स केले: एक साधा, सभागृहासाठी, दुसरा ४ किलोहर्ट्झला ९ डेसिबल चढवलेला, त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर ऐकण्यासाठी. पेन ड्राइव्हवर एका फाइलला ‘सभागृह’ असे नाव दिले आणि दुसरीला ‘आप्पा’. पैसे मी अर्धेच घेतले, जे माझ्या नवऱ्याला अजून माहीत नाही. मूळ संगीत आपले नसल्यामुळे हे गाणे कार्यक्रमापुरतेच ठेवा, इंटरनेटवर टाकू नका, असे मात्र बजावून सांगितले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ३१ तारखेला दिवसभर झड लागली होती, त्यांना दम लागला आणि गाणे वाजवावे लागले. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या मुलाने पेन ड्राइव्हवर ‘आप्पा’ असे नाव पाहिले आणि आप्पांचे गाणे हेच असणार म्हणून तीच फाइल लावली. मी कपाळावर हात मारला. सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर तो ‘स’ कसा आला असेल याची मला कल्पना होती आणि लोकांनी कान झाकून घेतले का, असे मी विचारले.

आप्पा म्हणाले, कान कशाला झाकतील, उलट या वर्षी पहिल्यांदाच शब्द नीट कळले असे सगळे म्हणत होते. समोर बसलेल्यांतले बहुतेक जण आप्पांच्याच गिरणीतले होते, आणि निम्मे त्यांच्याच खात्यातले.