तारीख घेऊन ठेव, बाकीचं नंतर बघू

परवा आमच्या जुन्या लॅबमधल्या एका पोराचा फोन आला. पीएचडी संपत आलीये, ओपीटीचा (शिक्षण संपल्यावर काही काळ काम करायच्या परवानगीचा) अर्ज टाकलाय, आणि एकदम उत्साहात विचारतो, "ताई, मी एनआयडब्ल्यू करतोय, म्हणजे वर्षभरात ग्रीन कार्ड ना?" (एनआयडब्ल्यू हा ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक प्रकार, खाली सांगते.) मी विचारलं जन्म कुठला. म्हणे भारतातलाच, का? म्हणलं बस खाली, हा फोन मोठा होणारे.

हे मी आता इतक्या जणांना सांगितलंय की एकदा लिहूनच टाकते. आणि मी वकील नाहीये, गंजावर काम करणारी मटेरियल्सवाली आहे, पूल आणि पाइपलाइनला लागणारे लेप वगैरे, पण अमेरिकेच्या या रांगेत इतकी वर्षं उभी आहे की फॉर्मांचे नंबर झोपेतही सांगेन.

सगळ्यात आधी गणित. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, हा आकडा १९९० च्या कायद्यातला आहे आणि तेव्हापासून तोच. त्यात ईबी-२ या गटाला (म्हणजे मास्टर्स-पीएचडीवाले, किंवा बॅचलर्स आणि वर ५ वर्षं अनुभव) २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४० च्या आसपास. त्यातलं कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्के, म्हणजे ढोबळमानाने २,८००. आणि हे २,८०० नुसते इंजिनियर नाहीत हां, नवरा-बायको-मुलं सगळी त्यातच मोजतात. इतर देशांची उरलेली कधीतरी वाट्याला येतात, तेवढाच आधार. २०२५ संपताना ईबी-२ इंडियाची तारीख २०१३ मधे होती, म्हणजे २०१३ ला रांगेत लागलेल्यांचा नंबर तेव्हा येत होता, आता तुम्हीच बघा.

बरं हे पासपोर्टवर नाही, जन्मावर आहे. माझ्या टीममधे एक जण मस्कतला जन्मलेला, वडील तिथे नोकरीला होते, पासपोर्ट भारताचा, आडनाव अस्सल मराठी, पण रांगेत तो ओमानचा. माझ्यानंतर आला आणि माझ्या आधी कार्ड घेऊन मोकळा झाला. चांगला मुलगा आहे, राग त्याच्यावर नाही. (नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिचा देश वापरता येतो, हे पण खूप जणांना माहीत नसतं, दोघांपैकी कोणी दुबई-कुवेतला जन्मलेलं असेल तर बर्थ सर्टिफिकेट शोधा आधी.)

आता एनआयडब्ल्यू म्हणजे नॅशनल इंटरेस्ट वेव्हर. हे पण ईबी-२ च आहे! रांग तीच, तारीख तीच. लोकांना वाटतं ही वेगळी फास्ट लाइन आहे. काही देशांत जन्मलेल्यांसाठी तसं वाटू शकतं कारण त्यांची रांगच छोटी, आपल्यासाठी नाही. मग फायदा काय, तर कंपनी लागत नाही. पर्म लागत नाही. स्वतःचा अर्ज स्वतः टाकायचा.

पर्म म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. आधी लेबर डिपार्टमेंटकडनं प्रचलित पगार ठरवून घ्यायचा, मग तुम्ही आत्ता जे काम करताय त्याच कामाची जाहिरात द्यायची, दोन रविवारी छापील पेपरात (हो, छापील, आजही), राज्याच्या जॉब साइटवर ३० दिवस, आणि कोणी लायक अमेरिकन आला नाही असं दाखवायचं, मग अर्ज. आणि तो अर्ज लेबर डिपार्टमेंटकडे पोचला त्या दिवसाची तारीख म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. त्याआधीचं काहीही मोजत नाहीत. माझ्या पहिल्या कंपनीने (नाव नको) २०१५ ला सुरू करतो म्हणून सांगितलं, मग मॅनेजर बदलला, मग पगाराच्या कागदात चूक, मग जाहिराती झाल्या आणि अर्ज टाकायच्या आधी २०१६ ला लेऑफ. माझी नोकरी राहिली पण अर्जाआधीच्या सहा महिन्यांत त्याच कामातले लोक काढले असतील तर आधी त्यांना विचारावं लागतं, म्हणून वकिलांनी फाइलच बंद केली. दीड वर्ष गेलं आणि हातात तारीख शून्य. मी तेव्हा एचआरला एक मेल सुद्धा कडक लिहिला नाही, "थँक्स फॉर द अपडेट" लिहिलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या कंपनीत गेले तिथे मार्च २०१७ ची तारीख मिळाली, आय-१४० (पर्मनंतरचा ग्रीन कार्डाचा मुख्य अर्ज) पास झालं. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की ही तारीख माझी आहे, कंपनीची नाही. आय-१४० एकदा पास झालं की (फसवणूक वगैरे नसेल तर) ती तारीख पुढच्या अर्जाला लावता येते, पुढची कंपनी, पुढची कॅटेगरी, काहीही. पर्म परत करावं लागेल पण रांगेत मागे जावं लागत नाही. आणि पास होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने नंतर मागे घेतलं तरी त्याच्यावर एच-१बी (नोकरीचा व्हिसा) सहा वर्षांच्या पुढे वाढवत राहता येतं. हे कळायच्या आधी मी दोन चांगल्या ऑफर सोडल्या होत्या, "रांग जाईल" म्हणून.

म्हणून त्या पोराला म्हणलं, तू एनआयडब्ल्यू जरूर टाक, पण कार्डासाठी नाही, तारखेसाठी टाक. एनआयडब्ल्यूमधे आय-१४० पोचलं तो दिवस हीच तुझी तारीख. नोकरी लागेपर्यंत थांबलास, मग एच-१बीची लॉटरी, मग कंपनी म्हणणार एक वर्ष पूर्ण होऊ दे, की गेली तीन वर्षं. फक्त एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असताना आय-१४० टाकलं की नंतर व्हिसा स्टॅम्पिंगला "तुम्हाला परत जायचंच नाहीये" हा प्रश्न अंगावर येऊ शकतो, एच-१बीला ती भानगड नाही, तेव्हा भारतात जायचा बेत आधी वकिलाला सांग.

अर्ज लिहिताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात, मीही पहिल्या मसुद्यात केली. २०१६ च्या धनासर केसपासून तीन गोष्टी बघतात: काम महत्त्वाचं आहे का आणि देशपातळीवर आहे का, ते काम तुम्ही पुढे नेऊ शकाल का, आणि नोकरीची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे का. (ती केस पण एका एरोस्पेसवाल्याचीच.) तर मी तीन पानं लिहिली की गंजाने पुलांचं किती नुकसान होतं. वकीलबाई म्हणाल्या, गंज वाईट हे ऑफिसरला पटलंय, तू काय करणार ते सांग. तुमचं क्षेत्र महत्त्वाचं असून भागत नाही, तुमचा स्वतःचा ठरलेला उद्योग काय, तो लिहावा लागतो. माझे पेपर थोडेच, सायटेशन तर विचारूच नका, पण माझी टेस्टिंगची पद्धत ज्यांनी प्रत्यक्ष वापरली अशा दोन लोकांची पत्रं घेतली, माझे गाइड सोडून. त्यांचंच वजन पडलं असं मला वाटतं. जानेवारी २०२२ ला स्टेमवाल्यांसाठी (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनियरिंग-गणितवाले) मार्गदर्शक सूचना पण आल्या, त्या आधी वाचा मग लिहायला बसा.

मधल्या काळात व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंत नंबर आला ते सांगणारं सरकारी पत्रक) बघायची सवय लागली, दर महिन्याला, शेअर बाजार बघतात तशी. कोविडच्या वर्षात कुटुंबाच्या कोट्यातली कार्डं उरली ती इकडे आली, २०२२ च्या आर्थिक वर्षात १.४ लाखाऐवजी २.८ लाखाच्या आसपास झाली, आणि सप्टेंबर २०२२ ला ईबी-२ इंडिया डिसेंबर २०१४ ला पोचलं. आम्ही मेडिकल कुठे करायची ते विचारायला लागलो होतो. डिसेंबर २०२२ ला तेच ऑक्टोबर २०११ वर. तीन महिन्यांत तीन वर्षं मागे. त्या रात्री नवरा म्हणाला कॅनडा बघू, आणि बघितलं पण, तर तिथे घड्याळ वेगळं. तिशीपासून वयाचे पॉइंट उतरायला लागतात आणि पंचेचाळीसला शून्य. जर्मनीत ब्लू कार्डवर (तिथला शिकलेल्या लोकांचा नोकरीचा परवाना) बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचं राहता येतं, पण बी-१ जर्मन! मुलगी सातवीत होती. २१ ची झाली की ती आमच्या अर्जातून बाहेर पडते (वयातून अर्जाचे काही दिवस वजा करतात, पण ते किती पुरणार), हे मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही.

मग ईबी-१ए, म्हणजे आपल्या क्षेत्रात असामान्य काम केलेल्यांचा गट. रांग तिथेही आहे पण फार छोटी, आणि २०१७ ची तारीख तिथे लावली की लगेच नंबर. दहापैकी तीन निकष लागतात. २०२३ ला मी हावरटपणा करून सहा दाखवले, दोन तर अगदीच ओढूनताणून, आणि नकार आला. चूक माझीच. पुढच्या वर्षी चारच दाखवले, पेपर तपासलेत त्याचे मेल, मूळ काम, लेख, कंपनीतली भूमिका, आणि पास झालं. आता आय-४८५ (प्रत्यक्ष कार्डाचा शेवटचा अर्ज) टाकलंय.

हे सगळं ऐकून पोरगा म्हणाला, माझा एक मित्र आहे, त्याच्या जुन्या कंपनीने आय-१४० केलं होतं, त्याला सांगू का? म्हणलं आत्ता सांग, आणि मंजुरीची कॉपी मागायला लाव. काल मेसेज आला, एचआर म्हणे कॉपी आमच्या वकिलाकडेच राहते. म्हणलं, मग निदान रिसीट नंबर तरी काढून घे म्हणावं, आजच.