‘रेन इन ब्लड’चा एवढा दबदबा कशासाठी?

माझ्या भाच्याचं म्हणणं असं, की स्लेयर या अमेरिकन थ्रॅश (म्हणजे अतिवेगवान मेटल) बँडचा ‘रेन इन ब्लड’ हा अल्बम तुम्ही म्हाताऱ्यांनी उगाच डोक्यावर घेतलाय. हल्लीचे बँड ऐकून त्याचे कान तयार झालेत. मी कौतुकाने हा अल्बम लावून दिला, तर दोन गाणी ऐकून त्याने इयरफोन काढून ठेवला. “मामा, इतकं काही फास्ट नाहीये हे.”

राग यायला हवा होता. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. अल्बम आला ऑक्टोबर १९८६मध्ये, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या नेपाम डेथ या बँडने ‘स्कम’ काढून वेगाची शर्यत तिथल्या तिथे संपवली. भयानकपणाचं म्हणाल, तर थोड्याच वर्षांत फ्लोरिडाच्या डेथ मेटलवाल्यांनी असे काही आवाज काढले की त्यांच्यापुढे स्लेयरचा गायक टॉम अराया बातम्या वाचतोय असं वाटावं. ‘जगातला सगळ्यात जलद, सगळ्यात भयंकर अल्बम’ म्हणून कोणी हा आजही कोणाच्या गळ्यात मारत असेल, तर भाच्यासारखा ऐकणारा तो परतच करणार.

मला तो थोर वाटतो, पण माझं कारण धंद्यातलं आहे. मी साउंडवाला. नाटकं, ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, काय मिळेल ते. इतकी वर्षं मिक्सरमागे बसून एक गोष्ट पक्की कळली आहे: स्टेजवर माइक हातात घेतलेल्या प्रत्येक माणसाला इको हवा असतो. “दादा, जरा इको वाढवा ना.” इको वाढला की आवाज भरदार वाटतो, सुटलेला सूर झाकला जातो, गायक खूश. मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळेनासा होतो, पण तो कुठे तक्रार करायला येतो.

ऐंशीच्या दशकातलं मेटल याच दुखण्याने भरलेलं आहे. स्लेयरचाच आधीचा ‘हेल अवेट्स’ (१९८५) काढून ऐका. गाणी सहा-सहा मिनिटांची आणि सगळ्यावर रिव्हर्ब (आवाज संपल्यावर रेंगाळणारी घुमणी), जणू ड्रम रिकाम्या हॉलच्या एका टोकाला आणि आपण दुसऱ्या. तो अल्बम मला आवडतो, गैरसमज नको. पण त्यात ड्रमर डेव्ह लोम्बार्डो नेमका काय वाजवतोय ते बऱ्याचदा अंदाजानेच ओळखावं लागतं.

मग आला निर्माता रिक रुबिन. वय २३. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या हॉस्टेलच्या खोलीत डेफ जॅम हे लेबल सुरू केलेला पोरगा, आणि तोवर त्याचं नाव झालं होतं ते हिपहॉपमध्ये: एलएल कूल जे, बीस्टी बॉइज. ज्या संगीतात ड्रम मशीनचा कोरडा ठोका हेच सगळं भांडवल, तिथून तो आलेला. त्याने आणि इंजिनिअर अँडी वॉलेसने (हाच वॉलेस पुढे निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’चं मिक्सिंग करणारा) लॉस एंजेलिसमध्ये स्लेयरला बसवलं आणि रिव्हर्ब जवळजवळ काढूनच टाकला.

याने काय होतं, ते हिशेबाने सांगतो. ‘एंजल ऑफ डेथ’चा वेग मिनिटाला २१० मात्रांच्या आसपास आहे. एका मात्रेत चार फटके धरले, तर सेकंदाला १४. दोन फटक्यांमधलं अंतर ०.०७ सेकंद. आता यावर दोन सेकंद रेंगाळणारा रिव्हर्ब टाका. पहिला फटका विरायच्या आत त्याच्या अंगावर आणखी २८ येऊन पडलेले असतात. वाजवणारे कितीही तयारीचे असू देत, ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तो नुसता गाळ. त्या काळातले कितीतरी बँड वेगाच्या नावाखाली हा गाळच विकत होते, आणि आम्ही ‘काय जबरदस्त’ म्हणत माना हलवत होतो.

‘रेन इन ब्लड’मध्ये गाळ नाही. त्याच ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये शेवटाकडे एक जागा आहे, जिथे गिटार, बेस, गाणं सगळं थांबतं आणि उरतात फक्त लोम्बार्डोचे दोन पाय. जेमतेम दोन-तीन सेकंदांचा डबल बेसचा (दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) तुकडा. रिव्हर्बमध्ये बुडवला असता तर डंपरने खडी ओतल्यासारखा आवाज आला असता. इथे डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे वेगळं कळेल इतका स्वच्छ आहे. नवीन स्पीकर आला की मी अजूनही हा तुकडा लावून बघतो. ज्या सेटवर तो चिखल होतो, त्या सेटचं भाडं मी देत नाही.

तेव्हा वेगाचा विक्रम मोडला म्हणून भाच्याने खुशाल नाक मुरडावं. इतक्या वेगात इतकं स्पष्ट, हे आजही सोपं नाही. हल्ली तर निम्मे ड्रम काँप्युटरवर सरळ करून घेतलेले असतात, एकेक ठोका घासूनपुसून. लोम्बार्डो थोडासा पुढे धावतो, मग पुढच्या ओळीला सावरतो. त्या धावण्यामुळेच पोटात गोळा येतो.

दुसरं कारण लांबी. १० गाणी, २८ मिनिटं ५८ सेकंद. त्याच वर्षी आलेल्या मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये ८ गाण्यांना ५५ मिनिटांच्या आसपास लागतात. त्या काळात थ्रॅशवाल्यांची दिशा लांब, गुंतागुंतीच्या, ‘बघा आम्ही किती शिकलेले’ अशा गाण्यांकडे होती. स्लेयर उलट दिशेने गेले, आणि त्यात मोठा वाटा गिटारवादक जेफ हॅनमनचा. तो हार्डकोर पंकचा वेडा होता. पंकवाल्यांचा शिरस्ता सरळ: म्हणायचं ते म्हणा आणि निघा. ‘नेक्रोफोबिक’ १ मिनिट ४० सेकंदांत आटपतं. हे इतकं छोटं झालंय, चालेल का, अशी शंका बँडलाच आली होती. त्यावर रुबिनचं म्हणणं असं, की १० गाणी आहेत ना, मग झाला अल्बम. अमेरिकेत निघालेल्या कॅसेटवर तर दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम भरला होता. उलटवा, पुन्हा तेच.

माझ्याकडची कॅसेट अशी ऐटबाज नव्हती. एका मित्राचा मोठा भाऊ शिपवर होता, त्याच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली टीडीके डी-६०. एका बाजूला ३० मिनिटं, त्यात अल्बम पुरा बसून वर मिनिटभर उरायचं. दुसऱ्या बाजूला आईसाठी भरलेले भीमसेनजींचे अभंग. आमचा डेक ऑटो-रिव्हर्स, त्यामुळे ‘रेनिंग ब्लड’ हे शेवटचं गाणं संपलं की थोड्या वेळाने आपोआप टाळ वाजायला लागायचे. आईला पहिल्या बाजूचा पत्ता बरेच दिवस नव्हता. लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “हे कोण भांडतंय?”

बरं, आता खोट काढतो. अल्बमचा मधला भाग सगळा सारख्या तोलाचा नाही. ‘रिबॉर्न’ आणि ‘एपिडेमिक’ ही गाणी इतक्या वर्षांनंतरही मला एकमेकांपासून धड वेगळी काढता येत नाहीत. कोणी झोपेतून उठवून रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) वाजवून दाखवला आणि ‘हे कुठलं?’ विचारलं, तर मी नाणं उडवीन. ‘पीस बाय पीस’ ठीकठाक. ‘क्रिमिनली इन्सेन’ची ड्रमची सुरुवात मात्र झकास. आणि ‘ऑल्टर ऑफ सॅक्रिफाइस’ जिथे श्वास न घेता ‘जीझस सेव्ह्ज’मध्ये शिरतं, तो सांधा कोणी कितीही नावं ठेवली तरी अव्वल.

सोलो हे दुसरं दुखणं. दुसरा गिटारवादक केरी किंग आणि हॅनमन दोघांचेही सोलो म्हणजे व्हॅमी बार (तारा ताणून-सैल करून सूर वर-खाली नेणारी दांडी) धरून गिटारला किंचाळायला लावणं. यातच त्यांचा वेडेपणा दिसतो, अराजक दिसतं, असं भक्तमंडळी सांगतात. एखादा ऐकला की खरंच अंगावर काटा येतो. पण दहा गाण्यांत पुन्हा पुन्हा तीच किंकाळी, आणि ह्या गाण्यातली उचलून त्या गाण्यात टाकली तरी कोणाला पत्ता लागणार नाही. यांच्याच पिढीतल्या मेगाडेथच्या क्रिस पोलंडचे सोलो ऐका, मग कळेल मी काय म्हणतोय. स्लेयरची ताकद रिफमध्ये आहे, सोलोमध्ये नाही. हे मोकळेपणाने मान्य करायला काय हरकत आहे?

शब्दांबद्दल बोलायलाच हवं. सैतान, बळी, वेडे खुनी, मढी. बहुतेक मजकूर शाळेच्या शेवटच्या बाकावर वहीच्या मागच्या पानावर काढलेल्या कवट्यांइतपत गंभीर आहे, आणि मला त्याचा त्रास होत नाही. ‘एंजल ऑफ डेथ’ची गोष्ट वेगळी. ते ऑशविट्झमधल्या योसेफ मेंगेलेवर आहे, जुळ्या मुलांवर आणि कैद्यांवर प्रयोग करणारा तो डॉक्टर. ब्राझीलमध्ये त्याची कबर उकरून हाडं तपासली गेली जून १९८५मध्ये, म्हणजे अल्बमच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी. ही जखम तेव्हा नुसती इतिहासाच्या पुस्तकातली नव्हती. गाण्यात हॅनमनने त्या छळाची यादी दिली आहे, निषेधाचा शब्द नाही. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम बाजारात आणायला नकार दिला, मग वितरणाचं काम गेफेनने केलं, तेही स्वतःच्या अधिकृत यादीत नाव न घालता.

तो माणूस वाईट होता हे सांगायची गरजच काय, ते उघडच आहे, अशी हॅनमनची बाजू होती. मला ती निम्मी पटते. अराया ते शब्द ज्या सपाट, घाईच्या सुरात म्हणतो, त्यात एखाद्या वॉर्डातला केसपेपर वाचल्याचा थंडपणा आहे (हा गृहस्थ खरोखरच आधी श्वसनोपचाराची नोकरी करायचा, आणि त्या पगारातले पैसेही बँडच्या पहिल्या अल्बमला लागले), आणि तो थंडपणा कुठल्याही निषेधापेक्षा जास्त बोचतो. उरलेली निम्मी बाजू पटत नाही, कारण यादी करताना लिहिणाऱ्याला मजा येतेय हेही ऐकू येतं. दोन्ही खरं आहे. मी ते गाणं मोठ्याने लावतो. शब्द पाठ आहेत, पण सोबत म्हणत नाही.

राहिलं ‘रेनिंग ब्लड’. ‘पोस्टमॉर्टेम’ संपता संपता ढगांचा गडगडाट, फीडबॅकची शिट्टी, आणि ड्रमवर तीन ठोके. थांबा. पुन्हा तीन. मग तो रिफ, जो गिटार घेतलेल्या जगातल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी चुकीचा वाजवलेला आहे. इथे कळतं की मधल्या गाण्यांचा सारखेपणा मला एवढा का खुपत नाही. वीस मिनिटं एकच दार बडवत आणलंय, म्हणून हे तीन ठोके एवढे मोठे वाटतात. नुसतं हे गाणं प्लेलिस्टमध्ये टाकून ऐकलं, तर चांगलं गाणं आहे, एवढंच. भाच्याने नेमकं तेच केलं होतं: पहिलं ऐकलं, मग उडी मारून शेवटचं.

२०१२च्या ऑक्टोबरात स्लेयर बेंगळुरूला आले, तेव्हा कल्याणहून उद्यान एक्स्प्रेस पकडून गेलो होतो. हॅनमन आजारी, त्याच्या जागी एक्सोडस बँडचा गिटारवादक गॅरी होल्ट. ड्रमवर लोम्बार्डो होता, तेवढ्यात पैसे वसूल. मी बराच वेळ साउंड कन्सोलच्या जवळ घुटमळत होतो. सवयीचा दोष. मैदानावर मुळातच भिंती नाहीत, त्यामुळे आवाज कोरडा, रेकॉर्डवरच्यासारखा. पुढच्या मे महिन्यात हॅनमन वारला, ४९ वर्षांचा.

ऐकायचा असेल तर एक सूचना. १९९८ नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत शेवटी दोन जादा गाणी चिकटवली आहेत, ‘ॲग्रेसिव्ह परफेक्टर’ आणि ‘क्रिमिनली इन्सेन’चं रीमिक्स. कुठल्या शहाण्याला हे सुचलं देवाला माहीत. २९ मिनिटांच्या अल्बमची अख्खी करामत योग्य वेळी थांबण्यात, आणि याने पुढे शेपूट जोडलं. दहावं गाणं संपलं की बंद करा. अकरावं लागू देऊ नका.